निकाल लागेपर्यंत

चोपडा,
ता. ८ जानेवारी १९३८

ती. भिकूअक्का यांस,

कुंदाचा नमस्कार. आम्ही इकडे जसे असतो तसे आहोत. तुमच्या गुडघ्याचं कसं ते कळवा.

परवा चुडामणनाना जेवायला बसले आणि घास हातात धरूनच म्हणाले, "कुंदा, बारा वर्षं झाली. आता पंडितचं करून टाकू." काय करून टाकायचं ते मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. दर्भाचा पुतळा करायचा, नदीवर त्याला अग्नी द्यायचा आणि यंदाच्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, बाकी पितरांबरोबर त्याचीही घागर भरायची. घरात दोन वर्षं एक ना एक दुखणं चालू आहे, ते त्याला पाणी मिळत नाही म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

नाना वाईट नाहीत, अक्का. सासरे गेल्यापासून या चुलतसासऱ्यानेच मला आणि सुनंदाला सांभाळलं. पण पुतळा जळला की माझं कुंकू गेलं. ज्यांचं मढं मी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी बांगड्या कशा फोडू? आणि नाही फोडल्या, आणि ते खरोखरच कुठे पाण्यावाचून तळमळत असले, तर? दोन्हीकडून मलाच पाप लागेल असं वाटतं. डोकं चालत नाही.

तुमचा सख्खा भाऊ, म्हणून तुम्हालाच विचारते. त्यांची मोटारसर्व्हिस बुडाली आणि ते घरातून निघाले, त्या सकाळी मला एवढंच म्हणाले, "मला नादार ठरवा म्हणून कोर्टात अर्ज झालाय. निस्तरून येतो." अर्ज कोणी केला विचारलं, तर म्हणाले, "ते तू विचारू नको." नादार म्हणजे ज्याचं दिवाळं निघालं असं कोर्टच सांगतं तो, हे मला नंतर नानांकडून कळलं.

माझ्या मनात असं येतं, की कोर्टात ज्याचं नाव गेलं त्याचं काहीतरी लिहून ठेवलेलं असेलच. तो कधी हजर झाला, कुठे राहत होता, काहीही. आणि ते कोणालाही बघता येत असेल ना? तुमचे यजमान रुपचंदभाऊ कापसाच्या दलालीमुळे कचेरीतल्या लोकांना ओळखतात. त्यांना विचारायला सांगाल का? नाव लागेल म्हणून सुनंदाकडून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं आहे. नानांच्या तोंडचं म्हणून वर लिहून गेले, पण आपणहून मला काही ते लिहवेना.

तुमची,
कुंदा

धुळे,
ता. २७ जानेवारी १९३८

चि. सौ. कुंदा हिला अक्काचे आशीर्वाद.

सौ. मी मुद्दाम ठळक लिहिलंय. जोवर मी जिवंत आहे तोवर तसंच लिहीन. नानांना म्हणावं, माझ्या भावाचा पुतळा मला विचारल्याशिवाय कोणी करायचा नाही.

तुझी चिठ्ठी मी ह्यांच्यापुढे ठेवली. पंडितचं नाव निघालं की हे उठून जातात, हे तुला ठाऊक आहे. मोटारीत ह्यांचाही पैसा गेला होता. आठवडाभर चिठ्ठी भिंतीतल्या देवळीतच पडून होती. शेवटी मी जेवणाचं ताट वाढलं आणि त्याच्याशेजारी चिठ्ठी ठेवली. तेव्हा म्हणाले, "बघतो."

काल कोर्टात जाऊन आले. म्हणतात, इथे काही नाही. खानदेशाचे दोन जिल्हे झाले त्याला किती वर्षं लोटली. चोपडा पूर्वेकडे, धुळे पश्चिमेकडे. चोपड्याच्या माणसाचं दिवाळं जळगावच्या कोर्टात निघणार, धुळ्याला त्याचं काय काम? मी म्हटलं, "पण तो तर धुळ्याला येतो म्हणूनच निघाला होता." तर म्हणाले, "तो काय म्हणाला होता आणि काय केलं, त्यावर जाऊ नको." आणि पागोटं घालून बाहेर पडले.

तेव्हा तू नानांना घेऊन जळगावला जा. तीळगूळ पाठवायचा राहिला, तो हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर देते आहे.

तुझी अक्का,
भिकुबाई

चोपडा,
ता. २२ फेब्रुवारी १९३८

ती. भिकूअक्का यांस,

जळगावला जाऊन आले. नाना कां-कूं करत होते, पण कपाशीच्या सरकीचं काम होतं, म्हणून निघाले. तापी उतरलो, पलीकडे मोटार धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी कोर्टाची पायरी चढले. बायका म्हणाव्यात तर तिथे दोघीच होत्या आणि दोघी रडत होत्या. आपणही रडायला हवं की काय असं मला वाटलं.

एका कारकुनाने विचारलं, "अर्ज नंबर?" आम्हाला नंबर कुठला ठाऊक? "साल?" नाना म्हणाले, कापसाचा भाव उतरला त्या साली. कारकून हसला. मग मी सांगितलं, सव्वीस. त्याने एक मोठं पुस्तक काढलं आणि नावांवरून बोट फिरवत गेला. नाही म्हणाला. पंचवीस आणि सत्तावीसही पाहिलं. माणूस भला होता. म्हणाला, "बाई, नादारीच्या नोटिसा सरकारी गॅझेटातही छापतात, पण तेवढं चाळत बसलात तर वर्ष जाईल. आधी मला सांगा, धंदा कुठे होता?"

मी म्हटलं, "मोटार धुळ्याहून शिरपूरला जायची. मोटारीची खोली धुळ्यालाच होती."

"मग इथे कशाला आलात? माणूस राहतो तिथे अर्ज करता येतो, नाहीतर धंदा करतो तिथे. तुमचं सगळं धुळ्याला."

नाना त्याच्यावरच रागावले. म्हणाले, "धुळ्याचे म्हणतात जळगाव, तुम्ही म्हणता धुळे. माणूस काय तापीत बुडाला?" आणि बोलून गेल्यावर माझ्याकडे बघून गप्प झाले.

अक्का, रुपचंदभाऊंना कोर्टात कोणीतरी चुकीचं सांगितलेलं दिसतं. कचेऱ्यांतून एवढी वावरलेली माणसं, त्यांची अशी चूक कशी झाली ते मला समजत नाही. या वेळी तुम्ही स्वतः जाल का? नानांनी फाल्गुन संपेपर्यंत थांबायचं कबूल केलंय. पुढचं बोलत नाहीत.

तुमची,
कुंदा

धुळे,
ता. ९ मार्च १९३८

चि. सौ. कुंदा,

सापडला! पंडित जिवंत आहे गं!

हे दोंडाईच्याच्या बाजाराला गेले तशी मी कोर्टात गेले. ह्यांना सांगितलं नाही. कारण काय, मलाही नीट सांगता येणार नाही. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून रेकॉर्डखान्यात, तिथून परत पहिल्याच खिडकीवर. माणसं मला कोणाची तरी जामीन समजत होती. शेवटी एका म्हाताऱ्या कारकुनापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या भावाला नादार ठरवलं होतं, पंडित झुलाल त्याचं नाव, त्याचं जे काय लिहिलं असेल ते दाखवा." त्याने चष्मा पुसला, एक पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं, "पंडित झुलाल, नादार. सन एकोणीसशे एकतीस."

एकतीस, कुंदा! घरातून गेल्याला पाच वर्षं झाल्यावर तो या कोर्टात उभा होता. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. तेवढ्यात कचेरी बंद व्हायची वेळ झाली. कारकून म्हणाला, कागद पाहायचे तर अर्ज लिहून आणा, कोर्टाचं तिकीट लावा, तपासणीची फी भरा. पुन्हा जाणार आहे. पण तुला कळवल्यावाचून राहवेना.

नानांना सांग, दर्भ गुरांना घाला.

अक्का

चोपडा,
ता. १५ मार्च १९३८

ती. अक्का,

तुमचं पत्र सुनंदाने मला दोनदा वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. मी काय केलं सांगू? साखर वाटली. अख्ख्या गल्लीत. शेजारणी विचारायला लागल्या, "आले का?" मी म्हटलं, "येतील."

नाना कोपऱ्यात जाऊन बसले. मला वाटलं रागावले, म्हणून जवळ गेले, तर उपरण्याने तोंड पुसत होते. म्हणाले, "मी जित्या पोराला जाळायला निघालो होतो." भटजींना निरोप गेला.

पण साखर वाटून झाली आणि संध्याकाळी एकदम भीती वाटली. जिवंत आहेत, तर आले का नाहीत? मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, तेव्हा मी इतकी वर्षं रागावलेच नव्हते. आता राग येतो. आणि राग येतो म्हणून रडू येतं. सुनंदा विचारते, "आई, बाबा सापडले ना, मग तू अशी का करतेस?" तिला काय सांगू? ते गेले तेव्हा ती रांगत होती.

कागद पाहिलेत का? लवकर कळवा.

तुमची,
कुंदा

धुळे,
ता. २ एप्रिल १९३८

चि. सौ. कुंदा हिला आशीर्वाद.

तो आपला पंडित नव्हे. नावही तेच, बापाचं नावही तेच, पण माणूस साक्रीकडचा. आणि नादार म्हणजे नुसतं दिवाळं नव्हे. ज्याच्याजवळ दाव्याचा स्टॅम्प घ्यायलाही पैसा नाही, त्याला कोर्ट फुकट दावा करू देतं, त्यालाही नादारच म्हणतात. त्या बिचाऱ्याने भावांवर जमिनीचा दावा लावला होता. कारकुनाने मला दुसऱ्याच पुस्तकातलं वाचून दाखवलं आणि मी उड्या मारल्या. तुझी साखर वाया गेली, ती माझ्यामुळे.

पण पुतळा करू देऊ नको. कारण विचारू नको. मी इथे जरा गडबडीत आहे. पुन्हा लिहीन.

भिकुबाई

चोपडा,
ता. ८ एप्रिल १९३८

ती. अक्का यांस,

तुम्ही असं पत्र मला का लिहिलंत?

तो माणूस ते नव्हे म्हणता. मग पुतळा करू नको म्हणता. कारण विचारू नको म्हणता. मी गल्लीत कोणत्या तोंडाने फिरते आहे ते तुम्हाला माहीत नाही. नाना पुन्हा भटजींकडे जायला निघाले, मी दारात आडवी उभी राहिले. त्यांनी विचारलं, "का?" मी तुमच्या पत्राच्या माथ्यावरचं सौ. दाखवलं, दुसरं काय दाखवू?

तुम्ही काहीतरी पाहिलंय. ते गेले असतील तर लिहा, मी मोडून पडणार नाही. दुसरी बाई असेल तर तेही लिहा. तिला लेकरं असतील तर त्यांची नावंसुद्धा लिहा. पण मला असं अर्ध्यात टांगून ठेवू नका. तुम्ही त्यांच्या बहीण असाल, पण या घरात आल्यापासून मी तुम्हाला माझीच अक्का मानलंय.

आखाजी जवळ आली.

कुंदा

धुळे,
ता. १९ एप्रिल १९३८

चि. सौ. कुंदा,

दुसरी बाई नाही. पंडित जिवंत आहे. मी त्याला या डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या तोंडात मारलं आणि मग त्याला धरून रडले. आता सगळं ओळीने सांगते.

साक्रीवाल्याचा घोळ कळल्यावर मी त्याच कारकुनाला म्हटलं, दिवाळ्याचं पुस्तक वेगळं असेल तर ते दाखवा. त्यात पंडितचं नाव नव्हतं. मी उठायला लागले, तेव्हा त्याने विचारलं, "अर्ज भावाने स्वतः केला होता, की सावकाराने त्याच्यावर केला होता?" मी म्हटलं, त्याच्यावर कोणीतरी केला होता. "मग अहो, मी अर्जदाराच्या रकान्यात शोधतोय. तुमचा भाऊ सामनेवाला असणार." त्याने बोट दुसऱ्या रकान्यात नेलं आणि पंडित लगेच सापडला. मी विचारलं, "अर्जदार कोण?" त्याने वाचलं.

अर्जदार रुपचंद. आमचे हे.

त्या दिवशी तुला पत्र लिहिलं ते असं का लिहिलं, आता कळलं असेल. मला तुझ्यापुढे तोंड नव्हतं.

पुढे ऐक. मी तपासणीची फी भरली. कारकून म्हणाला, अशा निकाली अर्जांचे कागद मुदत झाली की फाडतात, हे राहिलेत ते तुमचं नशीब. आत बेलिफाचा कागद होता. सामनेवाला सोनगीरला मगन मिस्त्रीच्या मोटारीच्या छपरात मिळाला, नोटीस घेतली, सही केली. खाली पंडितचीच सही. आणि शेवटच्या पानावर एवढंच, अर्जदार गैरहजर, सामनेवाला गैरहजर, अर्ज काढून टाकला. कुंदा, त्याला नादार कधी कोणी ठरवलंच नाही. अर्ज आला तसा गेला, त्याच साली.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही माझ्या भावाचं दिवाळं काढायला निघाला होता?"

पागोटं काढून खुंटीला लावलं. मग म्हणाले, "रागात अर्ज केला. तारखेला कोर्टाच्या दारापर्यंत गेलो. आत पंडित उभा असेल, त्याला बघवणार नाही, म्हणून परत फिरलो."

"तो आत नव्हताच!"

"ते मला काय ठाऊक?"

"मग अर्ज सोडून दिला, एवढं तरी सांगायचं."

"सांगायला गेलो असतो तर आधी अर्ज केला होता हे सांगावं लागलं असतं. तुला."

आणि आम्हाला जळगावला धाडलं ते का, विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही थकून सोडून द्याल असं वाटलं." अजून मी त्यांना जेवायला वाढते, पण समोर बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आग्रा रस्त्याची मोटार धरून सोनगीरला गेले. किल्ला दिसायला लागला तशी मी मोटारीत उठूनच उभी राहिले. इतकं जवळ, आणि बारा वर्षं. मगन मिस्त्री म्हातारा झालाय. त्याचं छप्पर अजून तिथेच आहे. एका लॉरीखालून दोन पाय बाहेर आले होते. मी म्हटलं, "पंडित!" पाय हलायचे थांबले.

बाहेर आला. केस पांढरे, दाढी वाढलेली. मी मारलं तर हललासुद्धा नाही. म्हटलं, "चल घरी." तर म्हणतो, "माले हद्द सोडता येत नही, अक्का. कोर्टना हुकूम शे."

बेलिफाने नोटीस देताना त्याला बजावलं होतं, निकाल लागेपर्यंत कोर्टाच्या परवानगीवाचून जिल्हा सोडायचा नाही. कोर्टात जायला धजला नाही, दाजींच्या तोंडाकडे कसं बघू म्हणून. आणि निकाल काही कोणी आणून दिला नाही. चोपडा पडलं दुसऱ्या जिल्ह्यात. पत्र टाकलं तर शिक्क्यावरून माग काढतील आणि कुंदाच्या अंगावरचं उतरवून नेतील, अशी भीती. माझ्याकडे यायचं तर घर दाजींचं. पुढे वर्षं गेली. म्हणाला, "नंतर मग भीती होती का लाज होती, मलाच कळेनासं झालं."

मी सांगितलं, अर्ज तेव्हाच संपला. मान हलवतो. विश्वास नाही. म्हणतो, शिक्क्याचा कागद दाखव. मी नकलेचा अर्ज केलाय.

तू काय म्हणतेस ते लिही. शिव्या द्यायच्या तर दे, मला आणि ह्यांनाही.

अक्का

चोपडा,
ता. २६ एप्रिल १९३८

ती. अक्का यांस,

पत्र पोचलं. सुनंदाला वाचू दिलं नाही. नानांना मीच वाचून दाखवलं. ते मध्येच म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग उठून गोठ्यात गेले आणि दिवसभर तिथेच होते. संध्याकाळी येऊन म्हणाले, "आखाजीले घागरी जेवढ्या दरसाल भरतस तेवढ्याच भरनं." एवढंच.

मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण अक्का, मी तो कसा धरू ते समजत नाही. भिंत असती, बेड्या असत्या, तर मी म्हटलं असतं, बिचारे अडकले होते. इथे काहीच नव्हतं. रस्ता मोकळा होता आणि ते रस्त्याकडे बघत बसले होते. त्यांची कीव करू की त्यांना बोलू? रात्री कीव येते, सकाळी पाणी भरायला गेले की बोलावंसं वाटतं.

रुपचंदभाऊंना शिव्या देऊन काय होणार? ते दारापर्यंत गेले आणि फिरले. आमचे हे तर तेवढंही गेले नाहीत. दोघं एकमेकांचं तोंड चुकवत राहिले आणि मधल्या मध्ये मी. तुम्ही त्यांच्यासमोर जेवायला बसत जा. तुमच्या घरात माझ्यामुळे आणखी कोणी कोणाचं तोंड चुकवायला नको.

मी सोनगीरला आणायला येणार नाही. त्यांना ओढूनही आणू नका. कागद द्या आणि एवढंच सांगा, दार लावलेलं नाही.

कुंदा

धुळे,
ता. २१ मे १९३८

चि. सौ. कुंदा,

नक्कल मिळाली. लाल शिक्का, खाली सही. मी ह्यांना म्हटलं, "कागद तुम्ही न्यायचा. तुमच्या हाताने द्यायचा." मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी लगेच पागोटं घातलं.

सोनगीरला पंडितने ह्यांना लांबून पाहिलं आणि छपराच्या मागे जायला निघाला. मी ओरडले, "पंडित, थांब!" थांबला. हे त्याच्यापुढे गेले. दोघं मेव्हणे बारा वर्षांनी समोरासमोर, आणि दोघांचीही नजर जमिनीवर. ह्यांनी कागद पुढे धरला. पंडितने हात पुसले, तरी काळेच होते, म्हणून कागद घेईना. शेवटी ह्यांनीच वाचून दाखवला. "अर्ज काढून टाकला" इथपर्यंत आले आणि कागदाची घडी घातली.

पंडितने विचारलं, "दाजी, कोणत्या सालचा हुकूम?"

"त्याच सालचा."

"म्हणजे मी..." मगन मिस्त्रीने त्याला बाजेवर बसवलं. हे त्याच्या शेजारी बसले. मी पाणी आणायला गेले, ती मुद्दाम उशिरा परतले. तोवर दोघं मोटारीच्या कुठल्याशा दांड्याबद्दल बोलत होते.

तुझा निरोप सांगितला. त्याने मला तो तीनदा म्हणायला लावला. आमच्याबरोबर यायला तयार झाला नाही. हातातलं काम पुरं करून शिरपूरच्या वाटेने जातो म्हणाला. काल मगनकडून निरोप आला, तो कधीच निघाला. कुंदा, अजून पोचला नाही का? माझा जीव थाऱ्यावर नाही. आता पुन्हा तर कुठे...

उलट टपाली कळव.

अक्का

चोपडा,
ता. २ जून १९३८

ती. भिकूअक्का यांस,

आले. काळजी करू नका.

वाटेत थांबले होते. शिरपूर सोडल्यावर जिल्ह्याच्या हद्दीवर जे गाव लागतं, तिथे दोन दिवस देवळात बसून होते. कोणी हटकतं का बघत. कोणी हटकलं नाही. मग हद्द ओलांडून थोडं पुढे गेले, परत फिरले, पुन्हा पुढे गेले. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना हसले. मला हसू आलं नाही.

दुपारची वेळ होती. मी अंगणात कुरडया वाळत घालत होते. नाना ओट्यावर. फाटकाशी माणूस उभा राहिलेला मी पाहिला आणि ओळखला, तरी माझे हात कुरडया घालतच राहिले. नाना म्हणाले, "कोण शे रे?" नाना काठी टेकत उठले, जवळ गेले, तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं. "आपला पंडित शे का तू?"

"हा, नाना."

नानांनी त्यांचा हात धरला तो सोडेनात. आत नेलं, बसवलं, तरी हात धरलेलाच. सुनंदा दाराआड होती. मी म्हटलं, "ये, बाबांना पाणी दे." तिने तांब्या ठेवला आणि पळून गेली. रात्री मला विचारते, "ते कायमचे आलेत का?" मी म्हटलं, "त्यांना विचार." तिने अजून विचारलं नाही. पण काल ते शेजारच्यांचा पाण्याचा पंप दुरुस्त करत होते, तिथे ती किल्ली आणि पाना हातात धरून उभी होती.

मी पहिले चार दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी सगळं बोलले. जे जे बारा वर्षांत साठलं होतं ते सगळं. नाना उठून मळ्यात गेले, एवढ्या जोरात मी बोलले. ते ऐकत बसले. शेवटी म्हणाले, "अजून काही राहिलंय?" मी म्हटलं, "हो, पण आता आठवत नाही." मग दोघांनी भाकरी खाल्ली.

आता ती गोष्ट, जी मला कोणाला सांगावी ते कळत नव्हतं. ते अजून विचारतात, अक्का. विहिरीवर जाऊ का? बाजारात जाऊ का? आधी वाटलं, माझा मान ठेवतात. मग कळलं, त्यांना सवयच तशी लागलीय. परवा म्हणाले, मळ्यातल्या पंपाचा एक भाग शिरपूरला मिळेल, जाऊन येऊ का? मी म्हटलं, "तुम्हाला कोणी अडवलंय? जा की." गेले.

आणि ते वळणाआड गेले तशी मी ओट्यावर येऊन बसले. सुनंदा म्हणाली, "आई, चूल विझली." मी म्हटलं, "विझू दे." दिवेलागण होऊन ते फाटकातून आत येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

तुमची,
कुंदा